तारेची खरखर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या गायकवृंदाच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस "पवित्र संगीत" ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय थोर आहे, आणि तत्संबंधीं सेमिनरींत आम्ही जें जें शिकलों तें सांगत बसलों तर जेवणाची वेळ टळून जाईल. यास्तव त्या विशाल विषयाचा एक अगदीं लहानसा कोपरा आम्हीं आज निवडला आहे. तो म्हणजे विजेच्या गिटारीच्या तारेंतून निघणारी खरखर. आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येत आहे हें आम्हांस येथून दिसतें. परंतु गेल्या वर्षांत देवळाच्या गळक्या छपराविषयीं आमच्या कचेरींत जितक्या तक्रारी आल्या, त्यांहून ह्या खरखरीविषयीं अधिक आल्या आहेत. तेव्हां तिच्यासाठीं अर्धा तास खर्चणें अन्यायाचें होणार नाहीं.

तक्रारीचें मूळ आपण सर्व जाणतां. आठ वर्षांपूर्वीं भाविकांच्या वर्गणींतून आपण एक विजेची गिटार आणि एक बेस गिटार घेतली. बेसची सर्वांत जाड तार वाजूं लागली म्हणजे मूळ सुराबरोबर धातूची एक खरखर ऐकूं येते. कोणी म्हणतात, हें वाद्य काढून टाकावें व महोत्सव-निधींतून नवें घ्यावें. कोणी म्हणतात, विजेचीं वाद्यें देवळांत आणलींत तेव्हांच हें व्हावयाचें होतें. आणि ह्या दोन पक्षांच्या मधोमध एका सद्गृहस्थांनीं, केवळ उपकारबुद्धीनें, गेल्या महिन्यांत त्या बेसच्या तारा इतक्या उंच करून ठेविल्या कीं, खरखर पार नाहींशी झाली. तिच्याबरोबर वाजविणारीहि नाहींशी झाली. अकरावींत शिकणारी आपली एक मुलगी ती बेस वाजवीत असे. तिचीं बोटें लहान. त्या उंच तारा दाबतां दाबतां त्यांस फोड आले, आणि चार रविवार झाले, ती मागच्या रांगेंत रिकाम्या हातांनीं उभी राहून गात आहे. तिनें कोणापाशीं कुरकुर केली नाहीं. तिच्या आईनें आम्हांस सांगितलें, तेव्हां कळलें.

प्रथम ही खरखर म्हणजे काय तें पाहूं. गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारीवर अशांस पडदे म्हणतात, तोच शब्द आम्ही येथें वापरूं. फरक इतकाच कीं, सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले व सरकविण्याजोगे असतात, आणि गिटारीचे पडदे लांकडांत कायमचे ठोकलेले असतात. बोटानें तार दाबली म्हणजे त्या पडद्यापासून घोडीपर्यंतचा भाग झोंके घेऊं लागतो, आणि हे झोंके त्या भागाच्या मध्यावर सर्वांत मोठे असतात. पुढचा एखादा पडदा त्या झोंक्याच्या वाटेंत आला कीं, तार त्यावर वारंवार आपटते. हीच ती खरखर. बेसची जाड तार सेकंदांत सुमारें ४१ वेळां हेलकावे घेते आणि तिची लांबी बहुधा ३४ इंच असते. साध्या विजेच्या गिटारीच्या जाड तारेचे हेलकावे सेकंदास ८२ व लांबी २५ इंचांच्या आसपास. दोरी जितकी लांब आणि ढिली तितका तिचा झोंका मोठा, हें अंगणांत कपडे वाळत घालण्यास दोरी बांधणाऱ्या कोणासहि सांगावयास नको.

हें ३४ इंचांचें माप अमेरिकेंतील लिओ फेंडर ह्यांच्या प्रिसिजन बेसपासून, म्हणजे १९५१ सालापासून, रूढ झालें. त्यापूर्वीं बहुतेक वाद्यवृंदांत माणसाहून उंच असा उभा डबल बेस वाजवीत. त्याच्या दांडीवर पडदे नसत, आणि सुराची जागा बोटानेंच शोधावी लागे. पडद्यांमुळें सूर नेमका लागूं लागला, आणि म्हणून त्या नव्या वाद्यास अचूकतेचेंच नांव देण्यांत आलें. नेमका सूर देणारा जो पडदा, तोच खरखरीचाहि जनक आहे. एकास घरांत घ्यावयाचें तर दुसऱ्यास थोडी जागा द्यावीच लागते.

तारांच्या व पडद्यांच्या मधील उंचीस वादक 'ॲक्शन' म्हणतात. नीट लावलेल्या गिटारीवर ती जाड तारेखालीं सुमारें दोन मिलिमीटर असते, बेसवर अडीचच्या आसपास. आपल्या बेसवर आम्हीं एका मुलाच्या कंपासपेटींतील पट्टीनें मोजून पाहिलें, तों तें माप चार मिलिमीटर भरलें. उंची वाढली म्हणजे दाबण्यास जोर अधिक लागतो, हें तर झालेंच. पण शिवाय, दाबतांना तार अधिक ताणली जाते आणि तिचा सूर किंचित् चढतो. म्हणजे खरखर गेली, आणि तिच्या जागीं बेसूर आला! खरखर भाविकांस ऐकूं येते कीं नाहीं ह्याविषयीं वाद होऊं शकेल; चढलेला सूर मात्र साऱ्या गायकवृंदास आपल्यामागें ओढून नेतो. तारा खालीं हव्यात, हात हलका चालावा, आणि कितीहि जोरानें वाजविलें तरी एकहि पडदा खरखरूं नये, ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं मागणारा मनुष्य विणकरापाशीं पातळ, उबदार आणि स्वस्त असें कापड मागतो.

कोणती खरखर घालवावी आणि कोणती चालवून घ्यावी हें ठरविण्यासाठीं ती कोठें होते तें आधीं पाहावें लागतें. मोकळी तार छेडली असतां खरखरते पण बोट ठेवतांच गप्प होते, तर दोष डोक्याकडील खांचांच्या पट्टीचा. वादक तिला नट म्हणतात. खांच झिजून खोल गेलेली असते. पहिल्या चार-पांच पडद्यांवरच खरखर होत असेल तर दांडी फार सरळ झालेली आहे, किंवा मागें झुकली आहे. बाराव्या पडद्याच्या पुढें होत असेल तर बहुतकरून घोडीकडील बाजू फार खालीं बसली आहे. आणि सर्वत्र ठीक, पण एकाच जागीं तार ओरडते, असें असेल तर तेथला एक पडदा लांकडांतून वर उठला आहे असें समजावें. हा शेवटचा प्रकार म्हणजे बाकावरचा सैल खिळा. तो ठोकून घ्यावा, त्याच्याशीं जुळवून घेण्यांत कांहीं पुण्य नाहीं. कित्येकदां तर पडद्यांचा संबंधच नसतो. खुंटीची नटबोल्ट ढिली असते, किंवा घोडीवरील बारीक स्प्रिंग थरथरत असते, आणि बिचाऱ्या पडद्यांस उगाच दोष लागतो.

दांडीविषयीं थोडें अधिक सांगतों, कारण तिच्याविषयीं मोठा गैरसमज आहे. ती बाणासारखी सरळ असावी असें आपणांस वाटेल. परंतु तारेच्या झोंक्यास वाट मिळावी म्हणून तिला तारांच्या बाजूनें अगदीं किंचित् खोलगट वांक ठेवावा लागतो. जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशीं डोळा लावून पाहावें; तेथें साध्या भेटकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे सुमारें पाव मिलिमीटर, फट दिसली तर ठीक आहे. हा वांक राखण्यासाठीं दांडीच्या पोटांत पोलादाची सळई घातलेली असते. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीचे थॅडियस मॅकह्यू ह्यांस ह्या युक्तीचें पेटंट १९२३ सालीं मिळालें. विजेच्या गिटारीच्या सहा तारांचा मिळून ताण सुमारें ४५ किलो होतो, म्हणजे तांदळाच्या मोठ्या पोत्याहून थोडाच कमी. बेसच्या चार तारांचा तर त्याहूनहि पुष्कळ अधिक. हा ताण दांडीस रात्रंदिवस पुढें ओढीत असतो आणि सळई तिला मागें धरून ठेविते. सळई आंवळली म्हणजे दांडी सरळ होते, सैल केली म्हणजे वांक वाढतो. मुलांनो, ह्या सळईस तुम्ही हात लावूं नये असें आमचें स्पष्ट सांगणें आहे. जाणता कारागीरसुद्धां तिला एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवीत नाहीं, आणि तुमच्यापैकीं एकानें सायकलची किल्ली घेऊन जो प्रयत्न चालविला होता तो आम्हीं पाहिला आहे.

ह्यांत आपल्या हवेचाहि भाग आहे. लांकूड पावसाळ्यांत ओल पितें आणि कोरड्या दिवसांत ती सोडतें; त्याबरोबर दांडीचा वांक बदलतो. आगोट लागल्यावर आपल्या दारांच्या फळ्या फुगून चौकटींत अडकतात, तोच हा प्रकार. म्हणून मे महिन्यांत गप्प असलेली गिटार आगस्टांत खरखरूं लागली तर कोणीं तिची खोडी काढली असें समजूं नये. साक्रिस्तींतील ज्या भिंतीस दोन्ही गिटारी टेकवून ठेवण्यांत येतात, त्याच भिंतीस दर पावसाळ्यांत ओल येते. हें मात्र आजच बदलतां येईल.

आतां ज्या गोष्टीकडे तक्रार करणारांचें सहसा लक्ष जात नाहीं ती सांगतों. विजेची गिटार व बेस ह्यांचा आवाज आपण लांकडांतून ऐकत नाहीं. तारांच्या खालीं चुंबक बसविलेले असतात, त्यांच्याभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात, आणि वरची पोलादी तार हलली म्हणजे त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. हीच वीज ॲम्प्लिफायरांत जाऊन मोठी होते. पडद्यावर तार आपटल्याचा जो आवाज हवेंतून वाजविणाराच्या कानीं येतो, त्याचा पुष्कळसा भाग ह्या मार्गानें पुढें जातच नाहीं. तार इतकी जोरानें आपटली कीं तिची गतीच खुंटून सूर लवकर मेला, तर तें चुंबकास कळतें, आणि तशी खरखर घालविलीच पाहिजे. परंतु वीज न जोडतां खोलींत बसून वाद्याचा न्याय करणें म्हणजे कबुलीजबाबाच्या जाळीस कान लावून प्रवचनाचा न्याय करण्यासारखें आहे.

ह्याची परीक्षा आम्हीं करून पाहिली. गेल्या मंगळवारीं घोडीवरील स्क्रू फिरवून बेसच्या तारा तूर्त पूर्वीच्या उंचीवर आणविल्या, एका मुलास वाजवावयास सांगितलें, आणि ज्यांची तक्रार सर्वांत तीव्र अशा तिघां वडीलधाऱ्यांस शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसविलें. खरखर ऐकूं आली कीं हात वर करावा, अशी अट होती. नुसती बेस वाजत होती तोंवर दोघांनीं एकेकदां हात वर केला. मग गिटार, पेटी आणि दहा-बारा गळे तिच्यासंगें मिळाले, आणि पुढच्या तीन गीतांत एकच हात वर झाला. तो छताच्या पंख्यास उद्देशून होता. पेटीचा विषय निघाला म्हणून सांगतों: पेटीच्या पितळी पट्टीवर धुळीचा कण बसला म्हणजे तीहि खरखरते, आणि गेल्या नाताळांत ती खरखरली होती, तिच्याविषयीं कोणीं तक्रार केल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं. जुन्या वाद्याची खरखर आपण वृद्ध माणसाच्या खोकल्याप्रमाणें सोसतों, नव्याची सोसवत नाहीं.

तरीपण वाजविणारांचेंहि कांहीं कर्तव्य आहे, आणि तें आम्ही मऊ शब्दांत सांगणार नाहीं. नवशिक्याची निम्मी खरखर बोटांची असते. बोट दोन पडद्यांच्या मध्यें ठेविलें तर तार नीट टेकत नाहीं. तें पडद्याच्या लगत मागें ठेवावें, म्हणजे थोडक्या जोरांत स्वच्छ सूर निघतो. दुसरी गोष्ट उजव्या हाताची. आलेलुया आला कीं तुम्हांस स्फुरण चढतें आणि तारेवर असा प्रहार होतो कीं, कोणत्याहि उंचीवर ती आपटावी. जोर हाताचा नको, ॲम्प्लिफायरचा घ्यावा. त्यासाठींच तो विकत घेतला. पण येथें आम्हांस एक गोष्ट दिसून आली ती मुलांच्या बाजूची आहे. आपला ॲम्प्लिफायर जमिनीवर, भाविकांकडे तोंड करून ठेविलेला असतो आणि बेस वाजविणारी त्याच्या मागें उभी असते. तिला स्वतःचा सूर ऐकूंच येत नाहीं. ज्यास स्वतःचें ऐकूं येत नाहीं तो मोठ्यानें बोलतो, आणि जी स्वतःचें ऐकत नाहीं ती जोरानें वाजविते. तो ॲम्प्लिफायर एका खुर्चीवर ठेवून किंचित् तिच्याकडे वळविला, तर निम्मी खरखर एक पैसाहि न खर्चतां जाईल.

तिसरी गोष्ट : पुरुषमंडळींस गीताची पट्टी उंच वाटते म्हणून तुम्ही सर्व तारा अर्ध्या सुरानें उतरवून ठेवितां. तारा सैल झाल्या, झोंके वाढले, ताण कमी झाल्यानें दांडीचा वांकहि कमी झाला, आणि मग खरखर कां, म्हणून तुम्हीच विचारतां. तारा जशा लावावयाच्या तशाच लावाव्या आणि सूर खालच्या पट्टींत बोटांनीं बसवावेत. त्यास सराव लागतो, हें आम्हांस ठाऊक आहे.

जगांतील मोठमोठे वादक ह्या प्रश्नाशीं आपापल्या रीतीनें नांदले आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या पुष्कळ गीतांत बेस वाजविणारे जेम्स जेमरसन आपल्या १९६२ सालच्या प्रिसिजन बेसच्या तारा फार उंच ठेवीत, चपट्या पट्टीनें गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा वापरीत, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानें वाजवीत. त्यांचा सूर भरदार आणि निर्मळ येई. पण तो हात त्यांचा होता, अकरावींतील मुलीचा नव्हे. उलट इंग्लंडचे जॉन एंटविसल ह्यांनीं १९६६ च्या सुमारास गोल तारेनें गुंडाळलेल्या तारा जवळ केल्या, कारण त्यांस तो धातूचा खणखणाटच हवा होता. आणि लॅरी ग्रॅहम ह्यांची गोष्ट तर आपणांसारख्यांनीं अवश्य ऐकावी. ते आपल्या आईबरोबर वाजवीत असतां त्यांच्या जोडीस ढोल वाजविणारा राहिला नाहीं, तेव्हां त्यांनीं अंगठ्यानें तार ठोकून ढोलाची उणीव भरून काढली. तार पडद्यांवर आपटते म्हणूनच तो ठोका निघतो. आपल्यास जी खोड वाटते तिचेंच त्यांनीं साधन केलें.

ह्यांत आपल्या देशांतील लोकांस नवल वाटूं नये. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित् गोलाईदार असते आणि तार तिच्या पृष्ठभागास वारंवार स्पर्श करीत कंप पावते. शिवाय तारेखालीं एक बारीकसा दोरा सरकवितात. त्यामुळें जो गुंजारव उठतो त्यास जवारी म्हणतात, आणि ती नीट लावणें ही मिरजेच्या कारागिरांची मोठी विद्या आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा ह्यांच्या ह्याच गुणाविषयीं शास्त्रीय निबंध लिहिला. युरोपांतहि पंधराव्या-सोळाव्या शतकांतील कित्येक हार्प वाद्यांस लांकडाच्या वांकड्या खुंट्या बसवीत, त्या तारेस लागून मुद्दाम खरखर काढीत. पण मुलांनो, ह्याचा आधार घेऊन उद्यां कोणी आम्हांस "फादर, ही आमची जवारी आहे" असें सांगूं नये. जवारी प्रत्येक सुरावर सारखी उमटते व सुरास आयुष्य देते. तुमची खरखर पांचव्या पडद्यावर येते, सहाव्यावर नाहींशी होते, आणि सुराचें आयुष्य तोडते. दोघींत हा भेद आहे.

जे म्हणतात कीं मुळांत हीं वाद्यें देवळांत नकोत, त्यांच्याशीं आम्ही आदरपूर्वक दोन शब्द बोलतों. पोप दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, संत सेसिलियाच्या सणादिवशीं, पवित्र संगीताविषयीं जो लेख काढला त्यांत पियानोस तसेंच ढोल, झांजा ह्यांसारख्या गोंगाटी वाद्यांस मनाई केली होती, हें खरें आहे. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जें घटनापत्र काढलें त्यांत पाइप ऑर्गनचा मान राखला, आणि इतर वाद्यें धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें घेतां यावींत असें ठरविलें. अट इतकीच कीं, तीं पवित्र उपयोगास योग्य असावींत, किंवा योग्य करतां येण्याजोगीं असावींत. ह्या शेवटच्या शब्दांकडे आम्ही आपलें लक्ष वेधतों. योग्य करतां येण्याजोगें वाद्य योग्य करावयाचें म्हणजे कोणीतरी पट्टी, स्क्रू आणि धीर घेऊन त्याच्यापाशीं बसलें पाहिजे.

नव्या बेसविषयीं आमचें मत विचाराल तर तें प्रतिकूल आहे. कारखान्यांतून आलेल्या नव्या वाद्याचेहि तारा, खांचा व वांक लावून घ्यावे लागतात, आणि एक पावसाळा गेला कीं पुन्हां लावावे लागतात. ३० इंचांची आंखूड बेस मिळते, पॉल मॅकार्टनी ह्यांची हॉफनर तशीच आहे, आणि लहान हातांस ती सोयीची हेंहि खरें. पण आंखूड तार त्याच सुरास अधिक ढिली राहते, म्हणून खरखरीचें भय तिलाहि आहेच. निधींतून चार नव्या तारा, दोन चांगल्या पेट्या आणि कारागिराची मजुरी एवढें घ्यावें. बाकीचें छपराकडे जाऊं द्यावें.

येत्या शनिवारीं, सायंकाळच्या जपमाळेनंतर, तो कारागीर येणार आहे. ज्यांची तक्रार आहे त्यांनीं शेवटच्या बाकावर येऊन बसावें. पंखे बंद ठेवण्यांत येतील. बेस त्या मुलीच्या हातीं द्यावी, ॲम्प्लिफायर खुर्चीवर चढवावा, आणि महोत्सवाच्या मिस्सेंतील प्रवेशगीत तिच्याकडून वाजवून घ्यावें. कारागिरानें प्रत्येक फेरीनंतर तिला विचारावें, आणि ती जेथें "पुरे" म्हणेल तेथें स्क्रू थांबवावा.